सुमनच्या बस्त्याला मी गप बसलो

आता मास्तर, तुमी म्हणताय पहिल्यापासनं सांग, तर पहिल्यापासनं म्हंजी आमच्या अंगापासनंच सांगाय लागंल. आमचं गाव वडूजपासनं तीन कोसावर, सगळं माळरान, पाऊस पडला तर बाजरी न्हाई तर कुसळं, आन् असल्या गावात आमचं घराणं सगळं जाडजूड. आजा जाड, तात्या म्हंजी माझा बाप जाड, मी हा असा तुमच्या म्होरं बसलोय, आन् माझ्या पाठची भण सुमन, ती बी जाड. आमच्यात खायला लय व्हतं म्हणून न्हाई हां, शेजारी खात्यात तेच आमी खातोय, भाकरी, ठेचा, हुलग्याचं माडगं, पर शेजारचा वाळून काडी आन् आमी आपलं भरतोय. देवानं माती मळताना आमच्या वाटणीला दोन मुठी जादा टाकली असंल, दुसरं काय म्हणायचं.

माझं एक बरं झालं, मी पोरगा. आमच्याकडं जाड पोरगं दिसलं की लोक म्हणणार पैलवान हाय. तात्यांनी मला तालमीत घातलं, तीन वर्सं मी लाल मातीत लोळलो, येक कुस्ती मारली न्हाई, पाठ लागायची ती माझीच, तरी गावात नाव पडलं ते पैलवानच. जत्रंत लोक मला बसाय जागा द्यायचे. आन् सुमनला? तिला कणगी म्हणायचे. धान्याची कणगी असती का न्हाई, तशी म्हणं. हिरीवर पाणी शेंदाय गेली तरी मागनं कुणीतरी म्हणणार, कणगी आली, दोर तुटंल. सुमन काय गप बसणारी न्हवं, येकदा तिनं एका पोराच्या टकुऱ्यात कळशी घातली, ती कळशी चेपली ती चेपलीच, आयनं तिला मारलं आन् मंग दोघी मायलेकी गळ्यात पडून रडल्या. तेच अंग, तेच रगात, मला पैलवान आन् तिला कणगी. तवा मला ह्यातलं काय कळत न्हवतं, मला वाटायचं ज्याचं त्याचं नशीब.

मंग भात्तरचा दुष्काळ आला. काय सांगू तुम्हाला, आमच्या खटावात माणसाला पाणी न्हवतं तितं जनावराला कुठलं, सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडाय. सुमन, आय, तात्या, तिघं बी जायची. लोकांची हाडं वर आली, गालफडं बसली, पर सुमन तशीच. रेशनची तांबडी ज्वारी, मिलो, खाऊन माणूस जाड ऱ्हाईल का हो? पर ऱ्हायली, अंगाचा गुण. मुकादम म्हणायचा, हिच्या घरात कणग्या भरल्यात, हिला सुकडी कमी वाढा. आन् खरंच वाढायचे हो कमी. सगळ्यांच्या म्होरं. ती खाली मान घालून हातोडा चालवायची, सगळ्या बायांत जास्त खडी तिची. हे मला आयनं मागनं सांगिटलं, मी तवा गावात न्हवतो. मी सांगलीला पोट घिऊन गेलो व्हतो.

आमच्या बाजारात एक जैन व्यापारी कापड इकाय यायचा, त्येनं मला सांगलीला त्येच्या पाव्हण्याच्या दुकानात लावला. साड्यांचं दुकान, पेठंत. मालकाला सगळी अण्णा म्हणायची. लय सज्जन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवायचा, म्हणून आमचं दुकान बी येळंवर बंद व्हायचं. मला पहिल्यांदा बघितलं आन् अण्णा हसला, म्हणला ह्येला घड्या घालाय बसवा, उभा ऱ्हायला तर गिऱ्हाईक दारातनं आत याचं न्हाई. तर मी घड्या घालायचो. सा म्हैने नुसत्या घड्या.

आता दुकानाची रीत तुम्हाला ठावं असंल. आमच्यात साडी दाखवायची म्हंजी नुसती उलगडून भागत न्हाई, इकणारा गडी गादीवर उभा ऱ्हातो, सदऱ्यावरनंच साडी कमरंला खोचतो, निऱ्या घालतो, पदर खांद्यावर घेतो, म्हंजी बायांस्नी कळतं नेसल्यावर कशी दिसंल. आमच्यातले दोघं गडी हे काम करायचे, दोघं बी असे बांबूवाणी. एक दिवस जतकडनं एक बस्ता आला, पोरगी बरूबर आणलेली, चांगली अंगानं भरलेली, आन् तिची आय म्हणाय लागली, आवं ह्या काटकीवर समदंच चांगलं दिसतंय, माझ्या पोरीवर कसं दिसंल ते सांगा. अण्णानं इकडं तिकडं बघितलं आन् मला हाक मारली, पैलवान, उभा ऱ्हा.

तिथनं माझं ते काम सुरू झालं. जाड नवरी आली की पैलवान उभा. पहिल्या दिशी बाया हसल्या, मला घाम फुटला, मेल्याहून मेल्यागत झालं. दुसऱ्या बस्त्याला बी हसल्या. मंग मी इचार केला, हसणारच हायती तर आपणच हसवावं, म्हंजी लागत न्हाई. मंग मी काय करायचो, पदर डोक्यावर घ्यायचो, मान वाकडी करून लाजायचो, दातात पदर धरायचो, आन् गादीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापतोर ठुमकत जायचो. बाया पोट धरून हसायच्या, म्हाताऱ्या म्हणायच्या आता बस कर रं मुडद्या, आन् हसणाऱ्या माणसाचा हात सैल सुटतो, एकाच्या जागी चार साड्या घेत्यात. अण्णा खुश. शेजारच्या दुकानातले गडी बघाय यायचे.

पर एक सांगतो, मास्तर, नुसतं सोंग न्हवतं ते. रोज उठून सोताच्या अंगावर शंभर साड्या बघितल्यावर माणसाला कळाय लागतं. आरसा म्होरंच. मला कळलं का जाड माणसानं कडक कापड नेसू न्हाई, ते अंगाला धरत न्हाई, फुगून उभं ऱ्हातं. मऊ पडणारं घ्यावं. काठ बोटभर घ्यावा, वीतभर न्हाई. मोठं बुट्टं नगं. रंग गडद. आन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजी लांबी. गोल साडी जाड बाईच्या कमरंला येढा घेऊस्तोर संपती, निऱ्या दोन-तीनच पडत्यात आन् पदर डोक्यापतोर जात न्हाई. मंग मी काय करायचो, सोंग झालं, सगळी हसली की नवरीच्या आयच्या कानाशी हळूच सांगायचो, मावशी, साडीतला ब्लाऊजपीस कापू नगा, तसाच ठिवा, वरचं पोलकं दुसऱ्या कापडाचं शिवा, तेवढ्यानं पदर डोक्यावर येतो. येवढीच गोष्ट. पर ती कुणी सांगत न्हाई, कारण पातळ माणसाला ती कळतच न्हाई. कितीक पोरी लगीन झाल्यावर माहेराला येताना वाट वाकडी करून दुकानात यायच्या आन् म्हणायच्या, दादा तुमी सांगिटलं ते लय ब्येस केलं. माझं मन भरून यायचं. मला वाटायचं हे अंग देवानं ह्याच्यासाठीच दिलं असंल.

इकडं सुमनचं जमत न्हवतं. सात जागी दाखवली, सात जागी न्हाई आलं. कुणी त्वांडावर म्हणायचे न्हाईत, म्हणायचे पत्रिका जुळंना, गोत्र आडवं येतंय. एकानं तर सांगून पाठवलं, आमचं घर लहान हाय. आयनं औंधच्या यमाईला नवस बोलला, डोंगर अनवाणी चढीन म्हणली, आन् लगीन ठरायच्या आधीच चढून बी आली, देवीला म्हणली मी माझं आधी केलं, आता तुझं तू बघ. आमची आय तसलीच.

आन् देवीनं ऐकलं म्हणायचं. कडेगावच्या अंगाला एक स्थळ आलं, थोडा ऊस, पाटाचं पाणी, पोरगा मिलट्रीत, म्हैन्याच्या रजंवर आलेला. बघाय आला, त्येची आय आन् थोरली भण बरूबर. सुमननं पोहे आणले, बसली, आन् त्या भणीनं, म्हंजी सुमनच्या नणंदनं, तिला वरनं खालपतोर असं बघितलं का बैल बाजारात बघावा. पर पोरगा आयकडं बगून म्हणला, मला पसंत हाय. तितंच, सगळ्यांच्या म्होरं. त्येची रजा सरत आली व्हती, लगीन पंधरा दिसांत धरलं. तात्यांच्या डोळ्याला पाणी आलं. आठव्या जागी जमलं व्हतं, मास्तर. आमच्या घरात आठ दिस कुणी मोठ्यानं बोलायचं न्हाई, न जाणो काय अपशकून व्हायचा.

मी रजा काढून घरी गेलो तवा सुमन चुलीपाशी भाकऱ्या थापत व्हती. मला म्हणली, दादा, तुझ्या दुकानातनं बस्ता हाय ना रं? म्हणलं व्हय. मंग तव्यावरची भाकरी उलटली आन् म्हणली, मला तर तितं नेणार न्हाईत, आमच्या गावाकडं बस्त्याला नवरीला नेत न्हाईत, तर तू निवड. तुला कळतं. तू परक्या पोरींस्नी निवडून देतोस, मला बी दे. आजवर लोकांनी मला कशातबी बघितलं तरी हसल्यातच, एक दिस तरी न हसता बघू देत. ती अशी कवा बोलत न्हाई. मी म्हणलं, काळजी करू नगंस, तुझ्यासाठी मी कवाच काढून ठिवलीया. आन् खरंच ठिवली व्हती. म्हैसूरची रेशमी, पाण्यागत पडणारी, वांग्याचा रंग, बोटभर जरीचा काठ. दोन म्हैने मी ती सगळ्यात खालच्या कप्प्यात दाबून ठिवली व्हती, अण्णाला बी ठावं व्हतं, त्येनं कुणाला दाखवू दिली न्हाई.

बस्त्याच्या दिशी तात्या वडूजहून एश्टीनं आले, त्यांच्या बरूबर गावचे दोघं. दुकानाच्या बाहेर मला बाजूला घेतलं, माझं मनगट धरलं आन् म्हणले, हे बघ, शालू पोराकडनं असतो, ती लोकं काय बी घेऊ देत, कांबळं घेतलं तरी चांगलं म्हणायचं. तू त्वांड उघडू नगंस. आठ झालीत, नववी मला झेपायची न्हाई. मी म्हणलं बरं.

अण्णा मला म्हणला, आज तू गादीवर पाव्हण्यांत बस, आज तू नवरीचा भाऊ, दुसरा गडी दाखवील. मी बसलो. चहा आला. सुमनची सासू गरीब सोभावाची वाटली, बोलणं कमी, सारखी पदर सावरायची. पर नणंद लय चुरचुरीत. दोन साड्या बघितल्या आन् ती म्हणली, आवं ह्या काठीवर काय कळायचं, हे पाव्हणं हायती की, बहीण-भावाचं अंग एकच, त्यास्नीच उभं करा. सगळी हसली. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठलो.

मास्तर, तितं मी काय करायचं व्हतं? मी आजवर लय येळा इचार केलाय. मी मुकाट्यानं उभा ऱ्हायलो असतो तरी चाललं असतं. पर त्या गादीवर पाय ठिवला, साडी कमरंला लागली, आन् समोर बाया त्वांडाला पदर लावून हसाय लागल्या, की माझं अंग आपोआप चालाय लागलं. तीन वर्साची सवं. कडक बनारसी शालू व्हता, तांबडाभडक, वीतभर काठ, बशीयेवढं बुट्टं, पत्र्यागत उभा ऱ्हायचा. नणंदनंच पसंत केलेला. मी तो नेसून पदर दातात धरला, मान वाकडी केली, लाजलो आन् गादीवरनं ठुमकत गेलो. नणंद हसून हसून लोळाय लागली. म्हणली, आता मला कळलं आमची वहिनी मांडवात कशी चालंल ती. तरी मी थांबलो न्हाई. मी परत एक येढा मारला. तात्या खाली बघत व्हते.

मंग मी ती म्हैसूरची काढली. हळूच काढली, ढिगात सरकवली. सासूनं तिच्यावर हात फिरवला. म्हणली, लय मऊ हाय. नणंद म्हणली, आय, वांग्याचा रंग काय लग्नात घेत्यात व्हय, लोक म्हणतील काळं नेसवलं. तवा सासू माझ्याकडं वळली. सगळ्यांत तिला येकटीला आठवलं असंल का मी ह्या धंद्यातला हाय. म्हणली, आवं, तुमी रोज बघताय, आन् पोरगी तुमची हाय, तुमीच सांगा, तिला ह्यातलं काय शोभंल?

सरळ इचारलं हो. माझ्याकडं बगून. मला सगळं ठावं व्हतं. कुठला रंग, कुठला काठ, किती वार, सगळं. माझ्या जिभंवर व्हतं. मी तात्यांकडं बघितलं, त्यांचे ओठ मिटलेले, आन् मी म्हणलो, तुमी पसंत कराल ते शोभंल.

झालं. बनारसी बांधला. अण्णा माझ्याकडं बघत ऱ्हायला, त्यानं डोळ्यानं इचारलं बी, पर मी नजर फिरवली. आन् जाता जाता ते ब्लाऊजपीसचं तरी सांगायचं व्हतं, ते बी सांगिटलं न्हाई. त्येनं काय लगीन मोडणार व्हतं? पर आता मला बोलायचीच भीती बसली व्हती, उगं बोलायला नगं, जमतंय तर जमू दे. चारच दिसांनी म्हैसाळच्या एका बस्त्याला मी ती वांग्याच्या रंगाची साडी इकली. पोरगी सुमनयेवढीच व्हती. तिच्या आयला सगळं समजावून सांगिटलं. आन् संध्याकाळी अण्णा जेवाय गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन कपाटाला डोकं लावून उभा ऱ्हायलो.

लगीन त्यांच्या दारात झालं, कडेगावाजवळ. आमचं वऱ्हाड गेलं. मामाच्या पिवळ्या साडीत सुमन चांगली दिसली, ती नऊवारी व्हती, भरपूर कापड. मंग सासरचा शालू नेसून बाहेर आली. तुम्हाला काय सांगू. तो शालू अंगाला लागतच न्हवता, चारी बाजूनं फुगलेला, निऱ्या दोनच पडलेल्या, आन् पदर खांद्यावरनं जेमतेम मागं, डोक्यावर येईना. त्यांनी त्यातलाच ब्लाऊज कापला व्हता ना. आमच्यात नवरीनं डोक्यावरचा पदर पडू द्यायचा न्हाई, म्हाताऱ्या लगीच बोलत्यात. ती आपली एका हातानं पदर कपाळापाशी धरून बसलेली. हार घालताना हात सोडाय लागला की पदर सुटायचा, की कुणीतरी म्हातारी म्हणायची, पोरी पदर. परत धरायची. अक्षता पडल्या तवा बी एक हात वरच. लग्नाच्या फोटूत बी तशीच हाय, एक हात कपाळाला, जणू टकुरं दुखतंय.

त्यात नणंद. तिनं मांडवाच्या कडंला चार बाया गोळा केल्या, पदर दातात धरला, मान वाकडी केली आन् माझ्यावाणी ठुमकून दाखवलं. म्हणली, वहिनीचा भाऊ हाच शालू नेसून दुकानात असा नाचला व्हता. बाया हसल्या. सुमन तिथनं दोन हातांच्या अंतरावर पाटावर बसलेली, तिनं सगळं ऐकलं. तिनं नणंदकडं बघितलं न्हाई. सगळ्या मांडवातनं नजर फिरवत तिनं मला हुडकून काढलं, आन् नुसती बघत ऱ्हायली. आमचं वऱ्हाड निघताना आयच्या गळ्यात पडली, तात्यांच्या पाया पडली, रडली. माझ्या पाया पडली आन् सरळ सासरच्या घरात निघून गेली. रडली न्हाई.

संसार तिचा चांगला चाललाय हां, उगं खोटं कशाला बोला. नवरा चांगला, रजंवर आला की तिच्या हातचं खाऊन खुश. एक पोरगी झाली. पर माझ्याशी ती तुटली. पहिल्या दिवाळीला मी भाऊबीजंला साडी घिऊन गेलो, चांगली निवडून नेलेली. तिनं ओवाळलं, साडी हातात घेतली, घडी बी मोडली न्हाई, परत माझ्या पिशवीत घातली आन् म्हणली, साडी नगं दादा, भांडं आण. म्हणलं का गं? म्हणली, भांडं उपयोगाला येतं. झालं. तिथनं फुडं दरसाल मी भांडं न्यायचो. पातेलं, परात, तांब्या, कढई. साड्याच्या दुकानात काम करणारा भाऊ भणीला भांडी नेतो, गाववाली हसायची, म्हणायची पैलवानानं तांबटाचा धंदा काढला. ती सगळ्यांशी बोलायची, माझ्याशी नुसतं ये, बस, जेव. मला वाटायचं मी नाचलो त्येचा राग हाय. नाचलो व्हतोच की. मी दुकानात ते सोंग बंद केलं. अण्णानं इचारलं, पैलवान, गिऱ्हाईक हसंना झालंय. म्हणलं, अण्णा, माझी कंबर दुखती.

आन् मंग ह्या वर्सी, आखाडात, तिची सासू गेली. काय आजार न्हाई, चार दिस पडून व्हती, गेली. आता आमच्यातली रीत अशी, घरात मयत झालं की दुखवटा काढायला माहेरची माणसं जात्यात, आन् लेकीला साडी न्यायची, ती तिनं घ्यायची, अंगावर टाकायची, तवा दुखवटा निघतो. तितं भांडं चालत न्हाई. तात्यांचं वय झालंय, आयला बसवत न्हाई एश्टीत, मी येकटा गेलो. साडी निवडताना अर्धं दुकान उलगडून झालं, मास्तर, इतकी वर्सं हजारो साड्या दाखवल्या पर तसं कवा झालं न्हाई. साधी घेतली, निळसर, मऊ, लांब.

सगळी उठल्यावर ती मला परड्यात घिऊन गेली, उसाच्या बांधाला. साडी तिच्या खांद्यावर व्हती. मला वाटलं परत देती. तिनं इचारलं, दादा, एक खरं सांग. आत्या, म्हंजी तिची सासू, जायच्या आदल्या दिशी मला म्हणल्या, पोरी तुझ्या लग्नाचा शालू मला सुद्दा आवडला न्हवता, पर मी तुझ्या भावाला इचारलं आन् तोच म्हणला तुमी कराल ते शोभंल, म्हणून मी गप झाले. खरं का?

मी म्हणलं, व्हय.

मंग मी बोलाय लागलो, सुमन, मी नाचलो, माझी चूक झाली. तर तिनं हातानं थांबवलं. म्हणली, तू नाचलास त्येचं काय न्हाई रं. त्या दिशी वाईट वाटलं, पर चार दिसांत गेलं. तू दुकानात लागल्यापासनं तसाच, लोक हसायच्या आत सोता हसणार. मला तुझी कीव यायची. मला राग ह्येचा व्हता का तू निवडली न्हाईस. मला वाटलं तुझं त्या लोकांत कायच चाललं न्हाई, तुला कुणी इचारलंच न्हाई, म्हणून मी आतल्या आत तुला माफ बी करत व्हते. आन् त्यांनी तर इचारलं व्हतं.

मी म्हणलं, तात्या म्हणले व्हते त्वांड उघडू नगंस. मला भ्या वाटलं गं, लगीन मोडंल.

म्हणली, आत्या म्हणत व्हत्या, त्येनं एक शबूद टाकला असता तर मी तेच घेतलं असतं.

उसात वारं व्हतं. मंग ती म्हणली, तू कुणाच्या बी लेकीच्या आयला कानात सांगतोस, पदर डोक्यावर कसा आणायचा ते. मी तुझी कोण व्हते?

मी आजवर लय बोललो, बोलण्यावरच पोट भरलं माझं, पर तितं मी बांधावरचं गवत उपटाय लागलो, मास्तर. ती आत गेली, पाट मांडला, मला वाढलं. मी जेवलो. साडी तिनं परत दिली न्हाई, रीत हाय म्हणून ठिवली का मनानं ठिवली ते मी इचारलं न्हाई, इचारणार बी न्हाई. निघताना तिच्या पायाशी घोटाळणारी तिची ती पोरगी, चार वर्साची झाली आता, आमच्याच घराण्याचं अंग घिऊन आलीया, गुबगुबीत, गल्लीतल्या पोरांनी आत्ताच तिला काय काय नावं ठिवलीत. मी तिला उचलून घेतली, वजनानं माझा खांदा दुखाय लागला, तरी एश्टी येईस्तोर खाली ठिवली न्हाई. सुमन दारातनं बघत व्हती. ह्या पोरीच्या लग्नात मामा म्हणून मीच उभा ऱ्हाणार, पिवळी साडी माझीच असणार. पोरीला देवानं कसं बी अंग देवो, जाड देवो, पातळ देवो, ते त्येच्या हातात. माझं देवाकडं येवढंच मागणं हाय, त्या दिशी कुणी इचारलं तर तिच्या मामाचं त्वांड उघडू दे.